गाळाखालचा दगड

नोकरीची पहिली बारा वर्षं मी साखळी ओढून जमिनी मोजल्या. मग कार्यालयात रोव्हर आला. माणसाच्या उंचीची काठी, वर पांढरी टोपी आणि हातात मावेल एवढा पडदा. उपग्रहांवरून जागा सांगायचं हे यंत्र आहे, एवढं कळलं. विश्वास मात्र बसला नव्हता.

तो बसला पिंपळनेरकडच्या एका शिवारात.

तिथे अक्कांचं आणि शेजारच्या नानांचं शेत लागून होतं. चार वर्षांपूर्वी मीच रोव्हरने मोजणी करून त्यांच्या हद्दीवर दगड पुरला होता, डोक्यावर फुली कोरलेला. मागच्या पावसाळ्यात नाला फुटला आणि दोन्ही शेतांवर गुडघाभर गाळ बसला. बांध गेला, दगड गेला. भांडण नव्हतं दोघांत, पण नांगरट तोंडावर आली होती आणि आपला फाळ दुसऱ्याच्या रानात जाईल, ही धास्ती दोघांनाही होती.

"बठ्ठं गाळखाले गये, भाऊ," अक्का म्हणाल्या.

त्या दगडाच्या जागेचे जुने आकडे यंत्रात भरून मी काठी घेऊन चालू लागलो. पडद्यावरचा बाण मला एका ठिकाणी घेऊन आला, पण तिथे थांबलो तरी आकडे हलत होते. कधी हातभर इकडे, कधी तिकडे.

"आठेच खंदूत ना," नाना कुदळ टेकवत म्हणाले.

"एवढ्यात नको, नाना. अजून नेमकं नाही."

उपग्रहाचा संदेश हवेतून येताना थोडा चुकतो. दूर एका इमारतीवर कायमचं बसवलेलं केंद्र स्वतःची जागा पक्की जाणतं. त्यामुळे संदेश किती चुकला ते त्याला समजतं आणि ती दुरुस्ती ते दर सेकंदाला पाठवत राहतं. माझ्याकडे ती मोबाइलच्या नेटवर्कवरून फोनमध्ये आणि फोनमधून यंत्रात यायची. आणि त्या दिवशी त्या खोलगट रानात नेटवर्कच मिळत नव्हतं.

मी हे सांगितलं, तसा अक्कांनी पदर खोचला. "फोन माले द्या. मी चढस."

नको नको म्हणेपर्यंत त्या जवळच उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढल्या, फोन डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. मी पडद्याकडे बघत राहिलो. दुरुस्ती येऊ लागली. आकडे डगमगले, मंदावले, आणि एकाएकी थांबले. पडद्यावर हिरवं 'फिक्स' उमटलं. मी काठी बोटभर सरकवली तर आकडाही बोटभरच सरकला. वीस हजार किलोमीटरवरून कुणीतरी माझी बोटं मोजत होतं.

काठीच्या टोकाशी खूण केली. नानांनी बाजूने हळूहळू खणायला घेतलं. गुडघाभर खाली गेल्यावर कुदळ टणकन वाजली. मग त्यांनी हातानेच माती उकरली.

"हाऊच शे!"

दगडावर फुली होती. मी काठीचं टोक तिच्यात ठेवून पडदा पाहिला. चार वर्षांपूर्वीच्या आकड्यात आणि आजच्या आकड्यात करंगळीच्या रुंदीएवढा फरक होता.

अक्का खाली उतरल्या, खड्ड्याशी बसल्या, दगडावरचा गाळ पदराने पुसला. मग मान वर करून भर दुपारच्या निरभ्र आभाळाकडे बघत म्हणाल्या, "वर तं काहीच दखात नही, भाऊ."

"नाही दिसत, अक्का. मलाही नाही दिसत."

खूण गाळाच्या वर दिसावी म्हणून त्याच दगडावर अक्का-नानांनी दुसरा उंच दगड उभा केला. दिवस मावळायच्या आत दोघांनी मिळून बांधाची पहिली माती ओढली.