मावशी बाजाराला निघाली

भाव न करता माझ्या भोकरच्या मावशीने कधी काही घेतलं नाही. एकदा तर एसटीच्या कंडक्टरलाच तिने तिकीट थोडं कमी करायला सांगितलं होतं. आठवडी बाजारात ती आधी वांग्यांना नावं ठेवायची, मग तरातरा पुढे जायची आणि माळवंवाली तिला हाका मारून परत बोलवायची. दोघींनाही त्यात सारखीच मजा यायची.

काका गेले आणि मावशी गप्प झाली. गॅसवर डाळ ठेवून विसरली, बाजारात भरलेली पिशवी विसरून आली. तिचा मुलगा विलास फार मायाळू. "माय, तू आता नुसती बस," म्हणून त्याने बाजार स्वतःकडे घेतला, सुनेने स्वयंपाक. पाण्याचा तांब्यासुद्धा मावशीला जागेवर मिळू लागला. मावशी बसली ती बसलीच. आंघोळीलाही तिला उठवावं लागे, ताटात काय वाढलंय हेही ती बघेना. आता ही आपल्याला ओळखायचीसुद्धा नाही, अशी मला भीती वाटू लागली.

विलासने आणि मी तिला नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, गाव विचारलं. मावशीचं सगळ्याला एकच उत्तर, "म्हाईत न्हाई बाबा." डॉक्टर म्हणाले, वयाचा विसर थोडा आहे, पण जास्त दुखणं मनाचं आहे आणि त्यानेही डोकं मंदावतं. गोळ्या चालू ठेवा आणि तिची कामं तिला परत द्या, चुकली तरी. विलास ओशाळला. तो बिचारा सेवाच करत होता.

सुरुवातीला मावशी माळवंवाली सांगेल त्या भावाने किडकी वांगी आणायची आणि सून ती निमूट चिरायची. त्या सुनेचं मला आजही कौतुक वाटतं. मग एका बाजारी मी सोबत होते. मावशीने मेथीची जुडी उचलली, फिरवून बघितली, खाली ठेवली.

"ही काय मेथी हाय? शेळी बी तोंड लावायची न्हाई," म्हणाली आणि चालू लागली. माळवंवाली हाका मारत होती आणि मी भर बाजारात रडत होते.

पुढे मावशी बरीच वर्षं जगली. विसरायची, मला हाक मारताना आधी माझ्या सगळ्या बहिणींची नावं घ्यायची, पण मीठ कमी पडलं की भांडायची. गेल्या साली ती गेली.

मावशीचं तेव्हा होतं तेच वय आता माझ्या आईचं आहे. ती भाकरी थापते, कडेला करपवते. या वयात तिला कशाला राबवतेस, असं शेजारणी विचारतात. मी करपलेली कड मोडून तोंडात टाकते आणि आईला म्हणते, "अजून एक टाक."