शर्यतीपुरते दगड

खारघरच्या डोंगरावर सायकल शर्यतीसाठी वाट तयार करायला आम्ही दहाबारा आयटीवाले जमायचो, सगळ्यांच्या हातात नवे कोरे हातमोजे. तो पायथ्याच्या गावचा, कमरेच्या आकडीला कोयता अडकवून यायचा. डोंगर खरा त्यालाच ठाऊक, म्हणून त्याला बोलावलेलं. नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. आम्ही त्याला 'काका' म्हणायचो, तो आम्हा सगळ्यांनाच 'सायेब'.

पहिल्या शनिवारी त्याने उतारावरचे दगड बाजूला सारून वाट साफ केली. आम्ही म्हटलं, "काका, एवढी सोपी वाट नको. दगड परत टाका."

तंबाखूची चिमूट दाढेखाली गेल्याशिवाय तो कुणालाच उत्तर देत नसे. ती गेल्यावर म्हणाला, "म्हंजे तुमाला परायला पायजे. सांगाचा ना तसा."

पडायलाच हवं होतं आम्हाला. मग आम्ही बोट दाखवू तिथे त्याने एकेक दगड नेमका बसवला. स्पर्धेच्या रविवारी बरेच जण पडले, शर्यत झकास झाली. भाषणात मी 'निसर्गानेच घडवलेली खडतर वाट' असं म्हणालो आणि टाळ्याही घेतल्या.

सोमवारी सकाळी राहिलेला फलक आणायला गेलो, तर तो एकटाच वाकून दगड काढत होता.

"आता कशाला, काका?"

"बाया उतरतान इथून, डोक्यावर मोळी घेऊन. त्याना परून नाय चालत."

मी फलक ठेवला आणि एका दगडाला हात घातला. त्याने सावकाश तंबाखू मळली, दाढेखाली सरकवली.

"ऱ्हाऊ द्या सायेब. हातमोजं नाय आनलं तुमी."