हमरापूरच्या व्हॅनची नळी

त्या प्रकरणात ना कोणाला अटक झाली, ना कोर्टाची पायरी चढावी लागली. तरीही नोकरीतलं एखादं प्रकरण सांगा म्हटलं की मला आधी तेच आठवतं.

मी तेव्हा पेणला उपनिरीक्षक होतो. गणपतीला महिना उरला होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. हमरापूरचे एक मूर्तिकार प्लास्टिकच्या पिशवीत हातभर रबरी नळी घेऊन आत आले. तिला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून पिशवी आधी खिडकीबाहेर ठेवायला लावली.

"साहेब, पेटून मेलो असतो मी."

आदल्या दिवशी ते जुनी व्हॅन घेऊन रोह्याच्या गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला निघाले होते. नागोठण्याच्या पुढे गाडी बंद पडली. खाली पेट्रोल ठिबकत होतं. तिथल्या मेकॅनिकने नळी काढली, जुनी आणि फुगलेली आहे म्हणून सांगितलं आणि तात्पुरता तुकडा जोडून दिला. आठच दिवसांपूर्वी शेजारच्या तरुणाने ती नळी यांच्या अंगणात बदलली होती.

"नवी दाखवली नि जुनी घातली. फसवणूक हाय ही. गुन्हा लिवा."

तो शेजारी पंचविशीतला फिटर, डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर. आता कायम होणार होता. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर पडला होता. गुन्हा नोंदवला की ती नोकरी गेली, हे मला दिसत होतं. मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि आधी चौकशी ठेवली.

फिटरला बोलावलं. तो घाबरला होता, पण सांगताना अडखळला नाही. इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची वायर काढली, टाकीचं झाकण उघडलं, चिरलेली नळी काढली, नवी बसवली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या, गाडी चालू करून कोरड्या फडक्याने सांधे पुसून बघितले. तासाभराने पुन्हा विचारलं. तोच क्रम. लबाड माणूस कारणं सांगतो, काम केलेला माणूस क्रम सांगतो, हा माझा अनुभव.

तोवर आमचे हवालदार जवळ आले. त्यांची सासुरवाडी हमरापूर. "साहेब, हंगामात त्या गावात कुठलीच वस्तू जागेवर नसते. माझ्या सासूबाईंनी बायकोचा लग्नातला शालू मूर्ती झाकायला घेतला. विचारलं तर म्हणतात, देवाच्याच अंगावर हाय ना?"

मी दोन पंच बोलावले आणि ती नळी ब्लेडने उभी चिरली. आत सोनेरी थर होता. पेट्रोल काही सोनेरी येत नाही.

तक्रारदार आणि फिटर, दोघांनाही जीपमध्ये घालून थेट कारखाना गाठला. मूर्तिकारांची पत्नी मुकुटांना सोनेरी रंग मारत होती. रंगाचा डबा खिळ्याला टांगलेला, तिथून स्प्रेगनपर्यंत काळी कुळकुळीत नळी. फिटरने तिच्यावरची पांढरी अक्षरं वाचली आणि म्हणाला, "साहेब, हीच."

"ही नळी कुठून घेतलीत?" मी बाईंना विचारलं.

हात न थांबवता त्या म्हणाल्या, "गाडीतून. आमची रंगाने फुगली होती."

"आणि फुगलेली?"

"गाडीत लावली. भोक काय उघडं ठेवायचं?"

मूर्तिकारांचा चेहरा उतरला. "मला सांगायचंस तरी गो."

"इचारलंत कधी? काल आलात ते तोंड फुगवून, सकाळी उठून गेलात ते पोलिसात. आणि या पोराला कशाला धरून आणलंय?"

मी कारण सांगितलं. तेव्हा मात्र त्या गन खाली ठेवून नवऱ्याकडे वळल्या. "त्याची नोकरी खाणार होतात तुम्ही? माझ्या हातची चूक नि याच्या माथी?"

मूर्तिकार मुकुटांमधून वाट काढत पुढे आले. मग फिटरला म्हणाले, "चुकलो रे. ठाण्यात तुझ्यावर आळ घेतला, तसं इथंही सगळ्यांसमोर बोलतो, चुकलो."

"असू दे काका. बॅटरीची वायर काढून ठेवा, तो तुकडा धोक्याचा हाय. मी बाजारातून नळी आणतो."

"दोन आण," बाई गन पुन्हा उचलत म्हणाल्या. "नायतर आठवड्याने परत साहेबांना यावं लागेल."

हवालदार सर्वांत मोठ्याने हसले. तासाभरात त्याच अंगणात नवी नळी बसली. टॉर्च धरून मूर्तिकार स्वतः उभे होते. तक्रार मागे घेतल्याचा जबाब मी व्हॅनच्या बॉनेटवरच लिहून घेतला आणि दुपारी फिटरचा पडताळणी अहवाल सही करून रवाना केला.

तोवर मी समजत होतो, दोन जबाब जुळले नाहीत की एक जण खोटं बोलतोय. इथे दोघंही खरं बोलत होते आणि तरी एका तरुणाची नोकरी जाणार होती. खरी हकिगत तिसऱ्या माणसाकडे होती, आणि त्या बाईंना कोणी विचारलंच नव्हतं. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे मी एक नियम पाळला. आरोपीचं नाव लिहिण्याआधी तक्रारदाराच्या घरी एकदा जाऊन यायचं आणि घरातली बाई कामात असेल, तर ती काय काम करते आहे ते नीट बघायचं.