झुलालनानांचं चूलबंद आवतन

आमच्या गल्लीत जेवण लग्नाचं असो, बारशाचं असो नाहीतर दहाव्याचं, घरोघरी आवतन द्यायला झुलालनानाच जातात. कापसाच्या जिनिंगमधल्या पहारेकऱ्याच्या नोकरीतून रिटायर झाले, पण या कामातून नाहीत. त्याचे त्यांचे नियम आहेत. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत यायचं नाही, पाणी घ्यायचं नाही, आणि घरातून कुणीतरी ‘हां’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. दोंडाईचा स्टेशनवरची घोषणा एक वेळ कळणार नाही, नानांचा आवाज शेवटच्या घराच्या न्हाणीतही कळतो. सगळं सांगून झालं की एक पाऊल मागे घेऊन ते ठणकावतात, “चूलबंद!” म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना बोलावणं आहे, आज तुमच्याकडे चूल पेटवायची नाही.

२०२० च्या मार्चअखेर सगळंच बंद झालं आणि जेवणावळीही थांबल्या. नाना ओट्यावर बसून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत राहायचे. मी तेव्हा दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होते. माझ्या बबलूला लहानपणापासून दमा, त्यामुळे बाजारात कुणी जायचं नाही आणि बाजारातून आलेल्या माणसाने फाटकाला हात लावायचा नाही, असा माझा कायदा होता. नवरा म्हणायचा, “कोथिंबिरीला तरी श्वास घेऊ दे.” तिलाही मी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे.

गावातल्या मोठ्या सुपरबाजाराने घरपोच सामान सुरू केलं होतं, पण ऑर्डर मोबाइलवरच्या ॲपमधून द्यायची. गल्लीतले निम्मे म्हातारे एकेकटे, मुलं सुरतेला नाहीतर पुण्याला. त्यांच्याकडे बटणांचे फोन. शिवाय आमची गल्ली रेल्वे लाइनीच्या पलीकडची, घरांना नंबर नाहीत. ॲप विचारायचं, जवळची खूण काय? जवळची खूण म्हणजे पुनाभाऊंची म्हैस, आणि ती रोज जागा बदलायची.

मी दुकानाच्या मॅनेजरला, हितेंद्रभाऊंना, फोन केला.

“ताई, तुमच्या गल्लीत मागे एकदा गाडी पाठवली होती,” ते म्हणाले. “सगळी गल्ली गाडीवर चढली. एका काकूंनी गव्हाचा कट्टा उघडून मूठभर गहू दाताखाली चावून बघितले आणि म्हणाल्या, हे नको, दुसरे दाखव. माझा ड्रायव्हर दोन दिवस कामावर आला नाही.”

“आता असं होणार नाही.”

“एकदाच पाठवतो. शनिवारी सकाळी. प्रत्येक घराला ठरलेल्या सामानाची एक पिशवी. पैसे पाकिटात घालून ओट्यावर ठेवायचे. गाडीभोवती चार माणसं जरी गोळा झाली, तर गाडी वळून परत, आणि मग तुमच्या गल्लीचं नाव घेऊ नका.”

म्हणजे म्हाताऱ्यांच्या घरी पीठ-डाळ पोचणार की नाही, हे शनिवारी कळणार होतं. गल्लीच्या ग्रुपवर मी निरोप टाकला. त्यावर तीन फुलं, एक उगवता सूर्य आणि काढ्याची कृती आली. मग शुक्रवारी मला नाना आठवले.

त्यांचं घर आमच्या घराला लागूनच; मधल्या भिंतीवरून हाक मारली, तर ते टोपी घालूनच उठले. माझ्याशी ते जमेल तेवढं शुद्ध बोलतात. “काय सांगायचं?”

“उद्या सकाळी गाडी येणार. कुणीही दार सोडायचं नाही. ठरलेल्या पैशांचं पाकीट ओट्यावर ठेवायचं, पिशवी तिथेच मिळेल. एवढंच.”

“अक्षता देऊ?”

“नको नाना, हात लागतो.”

तोंडाला उपरणं बांधून नाना निघाले. मी बबलूची वाफ घ्यायची वेळ झाली म्हणून घरात गेले. वाफेच्या यंत्राच्या घरघरीत नाना पुढे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पूर्ण गल्लीला आलं.

शनिवारी सकाळी मी उठले तर गल्ली चिडीचूप. एरवी या वेळेला भाकऱ्या थापल्याचे आवाज, खोकला आणि कुकर एकदम चालू असतात. मी बाहेर डोकावले. प्रत्येक ओट्यावर माणसं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसली होती. समोर ताट, पाण्याचा तांब्या आणि पैशांचं पाकीट. आमच्याकडे जेवणाला जाताना ताट-तांब्या घरूनच न्यायची पद्धत आहे. शेजारच्या दिपमालाने तर डोहाळजेवणाची साडी नेसली होती. तिचं डोहाळजेवण लॉकडाऊनमुळे राहिलं होतं.

“वहिनी,” ती मला म्हणाली, “भाजी वांग्याची आहे का हो? वरण-बट्टीबरोबर मला तीच लागते.”

मी नानांच्या भिंतीशी धावले.

“नाना, काल तुम्ही नेमकं काय सांगितलंत?”

“तू सांगितलं तेच. गाडी येणार, दार सोडायचं नाही, पाकीट ठेवायचं, पिशवी ओट्यावर मिळेल.”

“आणि शेवटी?”

नानांनी उपरणं वर ओढलं. आतून त्यांच्या बायकोने, झुंबरअक्कांनी, उत्तर दिलं. “शेवट काय, नेहमीना! बठ्ठासले चूलबंद! मी बी चूल पेटाडी नही. कालपासून भुकेली शे मी!”

म्हणजे नाना सवयीने सगळ्यांना चूलबंद आवतन देऊन आले होते. तेव्हा ठिकठिकाणी शिजवलेल्या अन्नाची पाकिटं वाटत होते. लोकांना वाटलं, आपल्याकडे गाडीभर बट्ट्या येतायत आणि पैसे त्याचेच.

“नाना, परत जा आणि सांगा की जेवण नाही.”

मी त्यांना टोपी विकायला सांगितल्यासारखे ते बघायला लागले. “आवतन मागे? एकदा नवरदेव पळून गेला होता, तरी आम्ही जेवण घातलं.”

इतक्यात गाडीचा हॉर्न वाजला. पुनाभाऊ ताट घेऊन उभे राहिले. त्यांचं बघून पलीकडचे दोघं उठले. मला डोळ्यांसमोर गाडी वळताना दिसली. मी “बसा, बसा” म्हणून ओरडले, पण तोंडावर दोन मास्क असल्यामुळे ते मलाच ऐकू आलं.

नाना गल्लीच्या मधोमध गेले. एक पाऊल मागे घेतलं.

“पंगत बठनी रे!”

पुनाभाऊ होते तिथे मटकन बसले. मांडी घातली. पलीकडचे दोघंही बसले. पंगत बसली म्हटल्यावर आमच्याकडे कुणी उठत नाही. वाढणारा आपल्यापर्यंत येतो, आपण त्याच्याकडे जायचं नसतं. गेलं तर पुढची पंधरा लग्नं त्या माणसाच्या हावरटपणाची गोष्ट सांगितली जाते.

ड्रायव्हर धनसिंगने जीव मुठीत धरून गाडी आत घेतली. प्रत्येक घरापुढे थांबायचा, ओट्यावर पिशवी ठेवायचा, पाकीट उचलायचा. गल्ली मान खाली घालून बसलेली. झुंबरअक्कांच्या पुढे पिशवी आली तेव्हा त्यांनी सवयीने ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, “बस, बस, थोडंच.” धनसिंग घाबरून पिशवी परत उचलायला लागला, तशी अक्कांनी ती घट्ट धरली.

दिपमालाने पिशवीत डोकावून बघितलं. “हे तर कच्चं आहे!”

“पंगतीत बोलू नये,” नाना म्हणाले.

गाडी लाइनीपलीकडे दिसेनाशी झाली आणि मग पंगत उठली. सगळी एकदम. नानांनी आयुष्यात ऐकलं नसेल तेवढं त्या सकाळी ऐकलं. शेवटी भुकेने सगळे गप्प झाले आणि आलेल्या पिठाच्या बट्ट्या वळायला घरात गेले. दिपमालाच्या घरी वांगी नव्हती. नानांनी परसातली तोडून तिच्या ओट्यावर ठेवली आणि ती बघायच्या आत पळाले.

दुपारी हितेंद्रभाऊंचा फोन आला. “ताई, धनसिंग म्हणतो, अशी शिस्त त्याने शाळेतसुद्धा पाहिली नाही. गाडी आता दर शनिवारी येईल. फक्त एक सांगा, एक आजोबा त्याला तूप वाढ म्हणाले, ते आमच्याकडे नाही. आणि तुमच्या मागच्या गल्लीतही असं जमेल का?”

मी भिंतीवरून नानांना विचारलं. ते जेवत होते. पाणी प्यायले, टोपी घातली आणि उपरणं बांधून निघाले. या खेपेला मात्र मी त्यांना एकटं सोडलं नाही. बबलूला खिडकीत बसवलं आणि फाटक उघडून, चांगलं लांब अंतर ठेवून, त्यांच्या मागे गेले.

मागच्या गल्लीत पहिलंच घर मोगराबाईंचं. सकाळचा प्रकार त्यांच्यापर्यंत पोचला होता. नानांनी गाडीचं, दाराचं, पाकिटाचं, पिशवीचं सगळं नीट सांगितलं. मग एक पाऊल मागे घेतलं आणि तोंड उघडलं. मी मागून खोकले. त्या दिवसांत खोकल्यावर माणसं जितकी दचकायची, तितके नाना दचकले.

“नाना,” मोगराबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, “सैपाक करू का नको करू, ते सांग.”

नानांनी माझ्याकडे बघितलं, मोगराबाईंकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

“करी ठेव, माय.”