अकराव्या मजल्यावरचे जंत

अहिल्याबाई सबनीस सॅनिटायझर पितात ही बातमी गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत दुपारी सातव्या मजल्यावरून निघाली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत क्लबहाउसात पोहोचली. आमच्या लिफ्टला इतकं जमत नाही. पुराव्याला तोटा नव्हता. सत्तरीच्या बाई कापडी पिशवी घेऊन दारोदार विचारत होत्या, "करोनातलं सॅनिटायझर उरलंय का हो? जेल नको, पाण्यासारखं हवं." ते 'जेल नको' सातव्या मजल्यावरच्या प्रमोदिनी चितळ्यांना खटकलं. "हात पुसायला जेल काय वाईट आहे? पातळच कशाला हवं असेल, तुम्हीच सांगा," असं त्या म्हणाल्या, आणि ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे सांगितलं.

खरी गोष्ट अशी की बाई थेंबभरही पीत नव्हत्या. पीत होते ते त्यांचे जंत. आणि तेही मेलेले.

अहिल्याबाईंनी उभी हयात दिल्लीत राहून समुद्रावर काढली. समुद्र हजार किलोमीटरवर, पण त्यांची प्राणिशास्त्राची संस्था दिल्लीत, तेव्हा समुद्रानेच दिल्लीला यायचं, बर्फाच्या पेटीतून. कुठे कासव मेलं, कुठे डॉल्फिन किनाऱ्याला लागला, की त्याची आतडी यांच्या टेबलावर. बाकीचे शास्त्रज्ञ प्राणी वाचवायचे, या त्यांच्या पोटातले जंत वेचायच्या. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये असताना एका लग्नाच्या पंगतीत शेजारणीने विचारलं, तुम्ही नेमकं करता काय. बाईंनी नीट समजावून सांगितलं. त्या अख्ख्या ओळीतलं श्रीखंड तसंच राहिलं.

पण बाईंचं म्हणणं सरळ होतं. डुगाँग म्हणजे समुद्रगाय, समुद्राच्या तळचं गवत खाणारा गरीब प्राणी, आपल्याकडे आता बोटावर मोजण्याइतका. तिच्या पोटात काही चपटे जंत असे राहतात की ते दुसऱ्या कुठल्याच जिवाच्या पोटात जगत नाहीत. ती गेली की तेही गेले. तिचं पोस्टर निघतं, तिच्या नावाने शाळेत चित्रकलेची स्पर्धा होते. जंतांचं चित्र कुणी काढत नाही. कच्छच्या आखातात मेलेल्या एका मादीच्या आतड्यात बाईंना जे जंत मिळाले होते, ते कुठल्याच ग्रंथात नव्हते. त्यांना अजून नावसुद्धा नव्हतं. नाव द्यायचं निवृत्तीच्या गडबडीत राहून गेलं आणि ते बारशाविना बरणीत पडून राहिले.

मग संस्थेचं नूतनीकरण निघालं. तळघर रिकामं करायचं ठरलं. "मॅडम, घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात जाईल," असा फोन आला, आणि बाई कॅबच्या मागच्या सीटवर बरण्या मांडीशी धरून मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन आल्या. प्रतीकने दार उघडलं, बरण्या पाहिल्या आणि म्हणाला, "आई, यार, तू तर म्हणाली होतीस की पुस्तकं आणतेय."

जून लागला. बरण्यांची जुनी रबरी बुचं तडकली होती, जंतांना टिकवणारं आतलं स्पिरिट रोज उडत होतं. बाईंनी आपल्या खोलीतला एसी जंतांना दिला आणि स्वतःचं अंथरूण कामवालीच्या खोलीत नेलं, जिथे पंखाही गरम वारा ओकतो. तरी पातळी उतरतच होती. शुद्ध स्पिरिट संस्थेच्या पत्राशिवाय मिळत नाही, आणि पत्र देणारी संस्था त्यांचा फोन उचलत नव्हती. दारूच्या ठेक्यावरची व्होडका पाणचट, तिच्यात जंत मऊ होऊन विरघळतात. ऑनलाइन सॅनिटायझरचा डबा मागवला तर गेटवरच्या गार्डने "आग पकड़ने वाली चीज़ है" म्हणून परत पाठवला. एका संग्रहालयाला बाईंनी विचारलं. तिथले गृहस्थ गोड बोलले, डुगाँगची कवटी असेल तर आनंदाने ठेवून घेऊ म्हणाले.

उरली ती लोकांच्या कपाटातली करोनाची शिल्लक. त्यात स्पिरिट असलं तरी ग्लिसरीनही असतं, जंतांना ते मानवत नाही, हे बाई जाणून होत्या. पण बरण्या ठेवायला कुठे थंड खोली मिळेपर्यंत तग धरायला तेवढंच हाताशी होतं. बाई दारं वाजवत होत्या आणि पिशवी भरत होती.

नेमकी तेव्हाच ती बातमी फिरली. दारं उघडायची, बाटली मात्र निघायची नाही. पाचव्या मजल्यावरच्या अग्रवाल आंटींनी हातात नारळपाणी दिलं. कुणी प्राणायामाचा व्हिडिओ पाठवला. नवव्या मजल्यावर तर एका बाईने त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "आप बहुत स्ट्रॉन्ग हैं." अहिल्याबाईंना वाटलं, आपल्या कामाची कुणाला तरी कदर आहे. त्यांना रडू आलं. त्या रडल्या, हेही लगेच खाली पोहोचलं.

रविवारी दुपारी त्या बिनबारशाच्या बरणीपाशी बसल्या होत्या. स्पिरिट जंतांच्या खाली गेलं होतं. वरचे जंत आंब्याच्या सालीसारखे आक्रसून काचेला चिकटले होते. एकदा वाळले की त्यांचं काही ओळखता येत नाही, चिमटीत धरले तर भुगा होतो. त्यांनी कासवांच्या जंतांची बरणी उघडली आणि तिच्यातलं स्पिरिट या बरणीत ओतायला घेतलं. कासवं अजून आहेत, त्यांचे जंत पुन्हा मिळतील, असं स्वतःला समजावत होत्या.

इतक्यात बेल वाजली. प्रतीकने प्रमोदिनीबाईंना आत घेतलं. मागोमाग महाराष्ट्र मंडळाचे बळवंतराव, मंत्रालयातून निवृत्त झालेले, आणि त्यांची समुपदेशक पुतणी तनया. सगळे सोफ्यावर अशा चेहऱ्याने बसले, जणू घरात सुतक आहे.

"काकू, आम्ही तुम्हाला नावं ठेवायला आलो नाही," तनया हळुवारपणे म्हणाली.

"कशाबद्दल?"

"वहिनी, माझा धाकटा भाऊ यातून गेलाय," बळवंतराव म्हणाले. "माणूस बाहेर पडतो. आम्ही आहोत ना. रात्री-अपरात्री हाक मारा."

"आई, तुझ्या हाताला वास येतोय," प्रतीक म्हणाला. "मी पण लक्ष दिलं नाही. सॉरी."

बाईंना उलगडायला जरा वेळ लागला. उलगडलं तेव्हा त्या उठल्या आणि सगळ्यांना एसीच्या खोलीत घेऊन गेल्या. बरण्यांच्या ओळी, त्यात पांढुरके, चपटे, वळलेले जंत, आणि कोपऱ्यात सोसायटीभरातल्या सॅनिटायझरच्या रिकाम्या बाटल्या.

आधी प्रमोदिनीबाईच हसल्या. "अगं बाई, म्हणजे जंतच ना? मी मेली काय काय समजले." मग सगळेच हसले. प्रतीकने तर आईला मिठीच मारली.

मिठीतून सुटून अहिल्याबाईंनी बळवंतरावांना गाठलं. "तुमच्या ओळखी आहेत. कुठल्याही कॉलेजात एक थंड, अंधारी खोली. आणि स्पिरिटसाठी कुणाचं तरी पत्र. हे गेले तर पुन्हा कुठून आणू? ती गाय परत मरायला येणार नाही हो. फोन कराल का? आत्ता?"

"बघू या ना, वहिनी. बिल्कुल बघू," बळवंतराव म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

"आता आठवलं, घरी दोन बाटल्या होत्या," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "पण काल टाकून दिल्या. म्हटलं, मोह नको."

"काकू, कधीकधी सोडून देणंही जमवावं लागतं," तनयाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"चलो, निदान तसं काही नव्हतं," प्रतीक म्हणाला. "चहा टाकू?"

चहा कुणालाच नको होता. मंडळी दारात गेली आणि आपापल्या चपला शोधू लागली. बरणी पोटाशी धरून अहिल्याबाई मागे उभ्या होत्या.

"मी पिते असं वाटलं तेव्हा तुम्ही तिघं मला वाचवायला धावत आलात," त्या म्हणाल्या. "पीत नाही म्हटल्यावर चपला शोधताय. मग मी पितेच असं समजा, आणि बसा परत."