भिंतीपलीकडचं "अगं बाई!"

शेजारच्या काकूंचा टीव्ही आमच्यापेक्षा दोन-चार सेकंद पुढे चालतो. त्यांच्याकडे केबल आहे, आमच्याकडे डिश. त्यामुळे संध्याकाळच्या गुन्हेगारी मालिकेत खून आधी त्यांच्या घरात पडतो आणि मग आमच्या. पातळ भिंतीतून त्यांचं "अगं बाई!" आलं, की मी उशी छातीशी घट्ट धरते.

खरं सांगायचं तर मालिका यथातथाच आहे. चिखलात धावूनही इन्स्पेक्टरच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही, आणि ज्याच्यावर पहिल्यापासून संशय असतो, तो बिचारा कधीच खुनी नसतो. तरी मी एकही भाग चुकवत नाही. दिवाळीचा फराळ एकट्याने गोड लागत नाही, तशीच भीतीही बहुतेक एकट्याने घ्यायची गोष्ट नसावी. त्या एका किंकाळीनंतरचे दोन-चार सेकंद मला अख्ख्या मालिकेपेक्षा प्यारे आहेत.

काल केबल गेली म्हणून काकूंनी मालिका मोबाइलवर लावली, आणि पहिल्यांदाच आम्ही पुढे गेलो. खुनी उघडा पडला आणि मी ओरडले, "अगं बाई, धाकटी जाऊ!"

पलीकडून काकू कळवळल्या, "अगं, नाव कशाला सांगतेस? नुसतं ओरडायचं!"