साडूभाऊंचं इंग्लंड

इंग्लंडची खेडी आमच्या साडूभाऊंइतकी कुणालाच ठाऊक नाहीत. त्या खेड्यांत जन्मलेल्या इंग्रजांनाही नसावीत. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, पण गेली कित्येक वर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून एका इन्शुरन्स कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि मनाने इंग्लंडातल्या कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवर मेंढ्यांमधून हिंडत असतात. ओळखीत कुणी लंडनचं तिकीट काढलं की यांना कसा वास लागतो देव जाणे, संध्याकाळी हे त्याच्या दारात हजर! “लंडनला दोन दिवस, बस्स. मग सरळ खेड्यात जाऊन राहायचं. एक कॉटेज घ्यायचं आणि तिथून रोज एक डे आउट.” मग कुठला किल्ला सकाळीच गाठायचा, पाऊस आला तर कुठल्या पाणचक्कीत शिरायचं, वाफेच्या इंजिनाच्या गाडीत कुठल्या बाजूची खिडकी धरायची, हे सगळं सुरू होतं. चहाबरोबरच्या त्या गोल स्कोन-पावावर आधी जॅम लावायचा की क्रीम, यावरून तिथल्या दोन जिल्ह्यांचं पटत नाही, हेही ते इतक्या काळजीने सांगतात की जणू तो तंटा यांच्याच घरी मिटायचाय. ट्रिपहून परत आलेल्यांची तर उलटतपासणीच होते. एका जोडप्याने हौसेने फोटो दाखवले, तर साडूभाऊंचा चेहरा पडला. “किल्ला बघून परत फिरलात? अहो, मागे नदीकाठची पायवाट होती!” त्या बाईंनी चक्क माफी मागितली.

सगळ्यात जास्त जीव त्यांचा त्या पायवाटांवर. इंग्लंडात म्हणे लोकांच्या शेतांतून जुन्या पायवाटा जातात आणि त्यांवरून कुणीही बिनधास्त चालावं, मालक काही म्हणत नाही. इथवर ठीक होतं. पण एका शनिवारी “सराव म्हणून” त्यांनी आम्हा दोन्ही कुटुंबांना गावाबाहेर नेलं आणि एका कुरणाचं फाटक उघडून आत घातलं. पुढे साडूभाऊ, मागे लाडवांचे डबे आणि चहाचा थर्मास घेतलेले आम्ही, आणि सगळ्यात मागे “बाबा, प्लीज, धिस इज सो नॉट ओके” असं पुटपुटणारी त्यांची मुलगी. अर्ध्यावर गेलो तोच समोरून एक पिकअप ट्रक धुरळा उडवत आला. आमची पाचावर धारण बसली. साडूभाऊ मात्र त्या अमेरिकन शेतकऱ्याला पायवाटेवरून चालण्याचा हक्क शांतपणे समजावून सांगत होते. शेतकऱ्याने सगळं ऐकून घेतलं, टोपी मागे सरकवली आणि विचारलं, “तुम्ही लोक हरवलाय का?” मेहुणीने पुढे होऊन त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले, म्हणून ती सकाळ निभावली. त्याने आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं आणि कडी स्वतःच्या हाताने लावून घेतली.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या या माणसाने तिथलं काय काय पाहिलं असेल? काहीच नाही! आणि गंमत म्हणजे ते तिथे राहून आलेत. लग्नानंतर लगेच कंपनीने त्यांना इंग्लंडच्या एका लहानशा गावात पाठवलं होतं. मेहुणीचा व्हिसा मागून यायचा होता. खिडकीतून टेकडी दिसायची, पण हे सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून पर्यटनाची पत्रकं वाचत बसायचे. “एकट्याने काय बघायचं? ही आली की बघू.” तिचा व्हिसा आला आणि त्याच सुमाराला कंपनीने यांना अमेरिकेला हलवलं. पुढे सगळ्या सुट्ट्या भारतात गेल्या. कधी आईचं ऑपरेशन, कधी पासपोर्टवर अमेरिकेच्या व्हिसाचा नवा शिक्का मिळवायला कॉन्सुलेटच्या खेपा. इंग्लंडला जाऊन परतीचं काही अडकलं तर नोकरीचं काय, ही धास्ती होतीच. भारतात जाता-येता विमान लंडनला थांबायचं, तेव्हा हे विमानतळाच्या काचेला नाक लावून मेहुणीला दाखवायचे, “ते बघ, धावपट्टीच्या पलीकडे हिरवं दिसतंय ना? तिकडेच.” मेहुणी बघायची आणि छान आहे म्हणायची. हे तिने सांगितलं तेव्हा मी हसलो खरा, पण मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी त्यांचं ग्रीन कार्ड आलं. पेढे वाटून झाले आणि आम्ही सगळे ओरडलो, “आता निघा!” पण तोवर मेहुणीच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. आमच्या घराच्या तीन पायऱ्या चढतानाही ती कठडा धरते. साडूभाऊ आमच्या जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसले आणि एकेक पायवाट कॅन्सल करत गेले. नदीकाठ गेला, पठार गेलं. त्यांच्या जागी होडीतली फेरी आली, आणि बाकं असलेली एक बाग आली. ते कुरकुरले नाहीत, आणि तेच मला बघवत नव्हतं. मेहुणी म्हणाली, “तुम्ही एकट्यांनी चालून या ना. मी खाली चहा घेत बसेन.” ते म्हणाले, “बघू.”

या मे महिन्यात ते एकदाचे गेले. त्या जुन्या गावातच कॉटेज घेतलं. तिथे पोचल्यावर चौथ्या दिवशी मेहुणीचा फोन आला. मी विचारलं, “काय ताई, टेकडी झाली का?”

“अरे, मीच ढकललं यांना वर. पायथ्याशी बाकावर बसले आणि म्हटलं, जा, आता तरी बघून या. गेले. मी हात हलवत होते, हेही हलवत होते. मग वळणाआड गेले आणि पाच मिनिटांत परत खाली!”

“का? पाऊस आला?”

“छे, लख्ख ऊन होतं. म्हणाले, वळणानंतर तू दिसेनाशी झालीस.”

ती हसत होती. मागून साडूभाऊंचा आवाज येत होता. बाकावर शेजारी बसलेल्या कुणा इंग्रजाला ते टेकडीवरून काय काय दिसतं ते सांगत होते. मला त्यांना फोनवर बोलवायचं होतं, पण त्यांचं सांगणं मधेच तोडवेना. मी ताईला म्हटलं, “असू दे, बसा दोघं.” टेकडी मात्र राहिली ती राहिलीच.